उठता आलं पाहिजे

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण. वेळेअभावी बोलताना जे राहून गेले, ते दोन-तीन ठिकाणी जोडले आहे.)



सचिवांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण मी त्यांना म्हणालो, आपल्या वयात आता पैशाचं नियोजन ते काय करायचं? जे आहे ते आहे. त्यापेक्षा मी एका वेगळ्या ठेवीबद्दल बोलतो. तिच्याकडे मी बरीच वर्षं बघितलंच नाही आणि त्यापायी आपल्या संस्थेतलं हे घर सोडून जायची वेळ माझ्यावर आली होती. ती ठेव म्हणजे अंगातली ताकद.

चार वर्षांपूर्वीची येळवस. शहरात वाढलेल्या सुनांसाठी सांगतो, वेळ अमावस्येला आपण लातूर-धाराशिवकडचे लोक येळवस म्हणतो. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. आम्ही एका मित्राच्या शेतात गेलो होतो. कडब्याची कोप, पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. सतरंजीवर मांडी घालून पोटभर जेवलो. जेवण झालं, सगळे उठले आणि मी बसलेलाच. हात टेकून बघितलं, कुशीवर वळून बघितलं, उठता काही येईना. शेवटी मित्राच्या दोन्ही मुलांनी काखेत हात घालून मला उभं केलं. एक जण म्हणाला, “काका, आंबील जास्त झाली वाटतं!” सगळे हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र मी कुणाशी फारसं बोललो नाही.

माझा व्यायाम नव्हता असं नाही. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे तीन किलोमीटर चालणं चालू होतं. तुमच्यातले निम्मे जण माझ्याबरोबरच असायचे. त्यामुळे ‘आपण फिट आहोत’ असा माझा पक्का समज होता.

त्याच वर्षी श्रावणात सौभाग्यवती मुलीकडे नांदेडला गेली होती. मी एकटा. पहाटे साडेपाचला न्हाणीत पाय घसरला आणि खाली बसलो. हाड मोडलं नाही, डोक्याला लागलं नाही, कोपर तेवढं खरचटलं. पण उठता येईना. बादलीचा आधार घेतला तर बादली सरकली. नळाला धरलं तर नळच हातात यायची भीती. फोन आत पलंगावर. पावणेदोन तास मी त्या ओल्या फरशीवर होतो. सव्वासातला दूधवाल्याने बेल वाजवली, तेव्हा ओरडलो. शेजारच्या मुलाने मागच्या भिंतीवरून उडी मारून आत येऊन मला उठवलं. तो आज इथे बसला आहे. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही, म्हणून घेत नाही.

त्या पावणेदोन तासांत एकच गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. मला काहीही झालेलं नव्हतं. आजार नाही, मोडतोड नाही. फक्त स्वतःचं सत्तर किलोचं शरीर जमिनीवरून अडीच फूट वर उचलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मुलगा पुण्याहून आला. म्हणाला, “बाबा, आता बास झालं. घर बंद करा आणि पुण्याला चला.” त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण हे घर आम्ही पै पै जोडून बांधलं. २००० साली संस्थेची नोंदणी झाली तेव्हा इथे काळं रान होतं. आपण स्वतः उभं राहून प्लॉटच्या खुणा रोवल्या. इथे लिंबाच्या पारावर बोलायला माणसं आहेत. तिथे अकराव्या मजल्यावर मी काय करू? मी मुलाकडे सहा महिन्यांची मुदत मागितली. थकीत कर्जदारांना मी आयुष्यभर मुदतवाढ दिली, त्या दिवशी स्वतःसाठी मागायची पाळी आली.

लातूरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. माझ्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी तपासणी केली ती अशी. हाताच्या घड्या छातीवर, साध्या खुर्चीवर बसायचं आणि हात न लावता पूर्ण उभं राहून परत बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. माझं झालं सहा वेळा. त्या म्हणाल्या, तुमच्या वयाच्या पुरुषाचं किमान बारा वेळा व्हायला पाहिजे, बाईचं दहा वेळा. मी म्हणालो, “अहो, मी रोज तीन किलोमीटर चालतो.” त्या म्हणाल्या, “काका, चालणं चालूच ठेवा, हृदयाला आणि साखरेला ते चांगलंच आहे. पण चालताना स्नायूंवर ओझं पडत नाही. ज्या स्नायूला ओझं मिळत नाही, तो झिजतो.”

बँकेच्या भाषेत सांगतो. पन्नाशीनंतर स्नायूंच्या खात्यातून दरवर्षी साधारण एक ते दोन टक्के रक्कम आपोआप वजा होते, आणि ताकद त्याहून भराभर कमी होते. या झिजेला डॉक्टर ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. हे नाव १९८९ मध्ये दिलं गेलं. पासबुकात दिसत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. कळतं कधी? एकदम चेक परत येतो तेव्हा. माझा येळवशीला परत आला.

मग मला आठवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते साऱ्या देशाने बघितलं. आपल्या भागातही टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणं चालू होतं. तेव्हा मी पासष्टचा. दोन्ही हातात दोन कळशा घेऊन टँकरपासून घरापर्यंत दहा-दहा खेपा करायचो. पुढे बोअरला पाणी लागलं, मोटार बसली, नळ आला. देवाची कृपाच. पण त्या दिवसापासून मी पाच किलोच्या वर काही उचललं नाही. गव्हाचं पोतं हमाल आणून टाकतो, पिठाचा डबा गिरणीवाल्याचा पोरगा घरपोच देतो. आपल्या आयांनी जात्यावर जवारी दळली, आडाचं पाणी शेंदलं, म्हणून त्या ऐंशीव्या वर्षीही जमिनीवर बसून भाकरी थापायच्या. त्या हालांचं मी कौतुक करत नाही, त्यांच्या पाठी मोडल्या तेही मी पाहिलंय. पण ओझं गेलं आणि त्याच्या जागी आपण काही ठेवलं नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि ही विद्या आपल्याकडे नव्हती का? लाल मातीच्या तालमी, जोर, बैठका, मुद्गल. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हा आपला भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता. मी अठरा वर्षांचा होतो, आणि आम्ही पोरं महिनाभर तालमीत घुमलो. मग नोकरी लागली आणि बैठका सुटल्या त्या सुटल्याच. व्यायाम म्हणजे पोरासोरांचं काम, असं आपण धरून चाललो. पण औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी बघा. तरुणपणी त्यांनी सँडो या परदेशी मल्लाच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे सूर्यनमस्कार धरले, संस्थानातल्या शाळांना लावले, त्यावर पुस्तक लिहिलं. १८६८ चा जन्म, १९५१ ला गेले. राजाने म्हातारपणी नमस्कार घातले तर त्याला कुणी हसलं नाही. आपण घरातल्या घरात चार बैठका मारल्या तर कोण हसणार आहे?

आता तुम्ही म्हणाल, या वयात ताकद परत येते का? मीही हेच विचारलं होतं. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा जणांवर प्रयोग झाला. सगळ्यांचं वय ८६ ते ९६. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीतल्या माणसांची! आपण तर अजून पोरं आहोत. (हशा)

आणखी एक. २०१५ मध्ये भारतासह सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या हाताची पकड मोजून त्यांची पुढची काही वर्षं पाहिली गेली. ज्यांची पकड कमजोर, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून हा अंदाज चांगला येत होता. आपण बी. पी. चं मशीन घरोघरी घेऊन ठेवलं, पण बरणीचं झाकण उघडेनासं झालं की ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो.

त्या बाईंनी मला काय शिकवलं ते सांगतो. यात एक रुपयाही खर्च नाही.

पहिला व्यायाम खुर्चीचा. हात न लावता उठायचं, आणि बसताना धपकन न बसता चार आकडे मोजत हळूहळू बसायचं. ही आपली अर्धी बैठकच आहे. जमत नसेल तर खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची डगमगणारी नको.

दुसरा भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर मागे उभं राहायचं, तळवे भिंतीला टेकवायचे, कोपर वाकवून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायचं. तिसरा ओढण्याचा. एका हाताने ओट्याला धरून थोडं पुढे वाकायचं आणि दुसऱ्या हातातली तांदळाची पिशवी कमरेपर्यंत वर ओढायची. दोन किलोपासून सुरुवात. चौथा, ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. पाचवा माझा आवडता. दोन हातात दोन पिशव्या, सारख्या वजनाच्या, आणि ताठ चालत हॉलमधून अंगणापर्यंत जाऊन परत यायचं. टँकरच्या खेपाच, फक्त रांग नाही! शेवटी तोल. ओट्याला एक बोट लावून दहा-दहा सेकंद एका पायावर.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा एकदा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, कारण स्नायू सुट्टीच्या दिवशी भरून निघतो. आणि मुख्य नियम हा की बारा वेळा सहज व्हायला लागलं की वजन थोडं वाढवायचं. वर्षभर तेच दोन किलो उचलत राहिलात तर ती ठेव चालू खात्यात पडून राहिल्यासारखी आहे, व्याज मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढच्या लोकांना चालण्याशिवाय ताकदीचा आणि तोलाचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितला आहे.

काही इशारे मात्र लक्षात ठेवा. सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हृदयाचा त्रास, न आटोक्यातला रक्तदाब, हर्निया, नुकतंच झालेलं मोतीबिंदूचं किंवा दुसरं ऑपरेशन असेल तर आधी त्यांचं मत. जोर लावताना श्वास कोंडू नका. मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या दुखल्या तर ते चालतं. सांध्यात चमक आली, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि दाखवून घ्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी करू नये.

एक गोष्ट तर शाळेतच शिकवायला पाहिजे. पडल्यावर उठायचं कसं? घाबरून लगेच उठू नका. आधी कुठे दुखतंय ते बघा. खुब्यात जोराची कळ असेल किंवा पाय हलत नसेल तर उठायचा प्रयत्नच करू नका, आवाज द्या. तसं नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर भार घ्या, मग हात आणि गुडघ्यांवर या. रांगत जवळच्या खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जा. दोन्ही हात तिच्यावर टेकवा, चांगला पाय पुढे घेऊन तळवा जमिनीवर ठेवा आणि हातापायांनी मिळून उठा. हे मला त्या पहाटे माहीत असतं तर पावणेदोन तासांची पाच मिनिटं झाली असती. अंगात ताकद असतानाच कुणाला तरी जवळ उभं करून गादीवर याची सवय करा.

आता खाण्याचं. स्नायू हवेवर वाढत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हातारपणी एक ग्रॅम किंवा थोडं जास्त घ्यावं असं अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. लातूरच्या तूरडाळीचा बाजार सगळ्या देशाला माहीत, आणि आपल्या ताटातलं वरण? वाटीत बघितलं तर तोंड दिसतं! वरण घट्ट करा. एक वाटी घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात सात ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम. पिठलं, मटकी, हरभऱ्याची उसळ, दही, सगळं आपलंच आहे. रात्री चहा-खारीवर भागवणाऱ्या आमच्या मित्रमंडळींनी हे जरा मनावर घ्यावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

माता-भगिनींना वेगळं सांगतो, कारण तुम्ही म्हणता, ‘आमचा घरकामात व्यायाम होतोच की.’ आमच्या घरातही हेच चाललं होतं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं भराभर ठिसूळ होतात, आणि ओझं घेणारा व्यायाम स्नायूंबरोबर हाडालाही आधार देतो. सौभाग्यवती पहिले दोन महिने माझी गंमत बघत बसली. मग एक दिवस म्हणाली, “अहो, सरका जरा, मला बघू द्या.” तीस सेकंदांत तिचं आठ वेळा झालं, म्हणजे माझ्या सुरुवातीपेक्षा दोन जास्त. आज तिचं चौदा होतं. घरात हा आकडा मला अधूनमधून ऐकवला जातो.

सहा महिन्यांनी मुलगा आला तेव्हा माझे सहाचे तेरा झाले होते. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि एका हाताच्या आधाराने उठून दाखवलं. तो काही बोलला नाही. आत जाऊन आईला म्हणाला, “राहू द्या त्यांना इथंच.” पुण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. कायमचा टळला असं मी म्हणत नाही. चौऱ्याहत्तर चालू आहे, कधीतरी जावं लागेलही. पण जायचं तेव्हा दुसऱ्याच्या काखेतून नको, आपल्या पायाने जाऊ.

परवा मी आपल्या संस्थेतून चक्कर मारताना कुलपं लावलेली घरं मोजली. नऊ भरली. दोन घरातली माणसं देवाघरी गेली. राहिलेली सात मुलांकडे, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. त्यातल्या तिघांना जबर आजार होता, तिथे इलाज नव्हता. पण चौघांचं मला आठवतं. आधी पंगतीत खुर्ची मागू लागले, मग मंदिराच्या पायऱ्या टाळू लागले, मग घराबाहेर येणं थांबलं, मग एकदा पडले आणि मुलं घेऊन गेली. आपण सगळे ‘वय झालं बिचाऱ्यांचं’ म्हणत राहिलो. त्यातल्या एकाबरोबर मी वीस वर्षं फिरलो, आणि त्याला हे सांगण्याइतकं मला तेव्हा माहीत नव्हतं. ती चुकचुक मनात आहे, म्हणून आज एवढं बोललो.

म्हणून संचालक मंडळाकडे दोन मागण्या करतो. एक, सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात ते आठ हे सभागृह ज्येष्ठांसाठी उघडं ठेवावं आणि महिन्यातून एकदा लातूरहून फिजिओथेरपिस्टना बोलवावं. पहिल्या वर्षीचं त्यांचं मानधन मी देईन. दोन, सभागृहाच्या शौचालयात आणि पायऱ्यांना पक्के दांडे बसवावेत. ज्यांना घरच्या न्हाणीत बसवायचे असतील त्यांच्यासाठीही एकत्र घेतले तर स्वस्त पडतील. पंचवीस वर्षांपूर्वी आपण एकत्र येऊन रस्ते, नाल्या आणि पाणी आणलं. तेव्हाचे सभासद आता सत्तरीत आहेत, तर कामंही सत्तरीची घेऊ.

माझी वेळ संपली असं सचिव खुणावत आहेत. येत्या येळवशीला त्याच मित्राच्या शेतात जायचं आहे, आणि आंबील पोटभर पिणार आहे.

बाहेर चहा ठेवला आहे. सगळ्यांनी यावं. उठताना मात्र खुर्चीच्या दांड्याला हात लावू नका. मी बघतोय.